फी शून्य, तरी बारा लाख का लागतात? जर्मनीतल्या मास्टर्सचा सगळा हिशोब

गेल्या दोन वर्षांत परदेशी शिकायला जायच्या नेहमीच्या वाटा एकामागून एक अरुंद होत गेल्या. कॅनडाने जानेवारी २०२४मध्ये विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. ब्रिटनने त्याच महिन्यापासून, संशोधनाचे अभ्यासक्रम सोडले तर, मास्टर्सला येणाऱ्यांना जोडीदार आणि मुलं सोबत आणायला बंदी केली. अमेरिकेने सप्टेंबर २०२५मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार जाहीर केला आणि तिथेच शिकून तिथेच नोकरीला लागायचं गणित अनेकांच्या डोळ्यांदेखत डळमळलं. मग नजरा जर्मनीकडे वळल्या. २०२२-२३च्या हिवाळी सत्रात तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकलं. २०२३-२४मध्ये भारतीय विद्यार्थी सुमारे ४९,५०० होते, त्याच्या पुढच्या वर्षी आकडा साठ हजारांच्या घरात गेला.

मी जर्मनीत राहते, त्यामुळे इंजिनिअरिंगचे निकाल लागले की नात्यागोत्यातून आणि ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "ताई, तिकडे फी नसते म्हणतात. मग कन्सल्टंट बारा-तेरा लाख तयार ठेवा असं का सांगतोय?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं नीट उत्तर मिळालं नाही तर घरं चुकीच्या जागी पैसे घालून बसतात. फी नाही हे खरं आहे. पण इथली व्यवस्था फीच्या जागी दुसऱ्या गोष्टी मागते, आणि त्या मागताना फार कडक असते. ते का, हे कळलं की बाकीचा गोंधळ बराच कमी होतो.

फी नाही म्हणजे नक्की काय नाही?

जर्मनीत उच्च शिक्षण हा केंद्राचा नव्हे, सोळा राज्यांचा विषय आहे. सरकारी विद्यापीठांचा खर्च मुख्यतः कराच्या पैशातून चालतो. मध्यंतरी, २००६-०७च्या सुमारास, काही राज्यांनी सत्राला ५०० युरोपर्यंत फी लावली होती. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, सरकारं बदलली, आणि एकेका राज्याने ती मागे घेतली. सगळ्यात शेवटी, २०१४मध्ये, लोअर सॅक्सनीने. तेव्हापासून सरकारी विद्यापीठातलं पहिलं मास्टर्स बहुतेक ठिकाणी फीशिवाय आहे, आणि ही सोय परदेशी विद्यार्थ्यांनाही आहे.

"बहुतेक ठिकाणी" हे शब्द मात्र लक्षात ठेवा. बाडेन-व्युर्टेम्बर्ग, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडलबर्ग ज्या राज्यात येतात ते राज्य, २०१७-१८च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४-२५च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सत्राला ४,००० ते ६,००० युरो लावले. चार सत्रांचे मिळून सोळा ते चोवीस हजार युरो होतात. हिशोबाला सोपं पडावं म्हणून या लेखात १ युरो म्हणजे १०० रुपये धरू. प्रत्यक्ष दर त्याच्या थोडा पुढेमागे असतो.

याशिवाय प्रत्येक सत्राला एक 'सेमेस्टर काँट्रिब्युशन' भरावंच लागतं. ती शिकवणीची फी नाही. विद्यार्थी संघटना, मेन्सा म्हणजे विद्यापीठाची खानावळ, वसतिगृहांची यंत्रणा आणि बऱ्याच ठिकाणी बस-ट्रेनचा पास यासाठी ते पैसे जातात. रक्कम साधारण दीडशे ते साडेतीनशे युरो. पास त्यात धरलेला असेल तर ही रक्कम मला अजिबात जड वाटत नाही.

मग बारा लाख कुठे जातात?

ते कुठेच जात नाहीत, तुमच्याच मुलाच्या नावावर राहतात. व्हिसा मागताना जर्मनी विचारते की पहिलं वर्षभर हा विद्यार्थी खाणार काय, राहणार कुठे? त्याचा पुरावा म्हणून बहुतेक जण 'ब्लॉक्ड अकाउंट' उघडतात. त्यात एका वर्षाची पूर्ण रक्कम आधी भरायची. सप्टेंबर २०२४पासून ती ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरून ठेवतात आणि घरातली मोठी बाई दर महिन्याला मोजून काढून देते, तशी ही बेगमी आहे. कणगी तुमची, धान्यही तुमचंच, पण एका महिन्यात दोन महिन्यांचं काढता येत नाही.

मुलाने जर्मनीत पोचल्यावर, पत्ता नोंदवून साधं बँक खातं उघडलं की दरमहा ९९२ युरो त्या खात्यात येऊ लागतात. म्हणून पहिल्या महिन्याचं भाडं आणि घराचं डिपॉझिट यासाठी वेगळे पैसे हातात हवेत. ही गोष्ट फार कमी जण आधी सांगतात. डिपॉझिट दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकं असू शकतं.

९९२ युरो पुरतात का? शहरावर आहे. आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला त्याचे महिन्याला दीडशे युरोच्या आसपास पडतात. रेडिओ-टीव्हीसाठी प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो द्यावे लागतात, घरात टीव्ही असो वा नसो. चार जण एका घरात राहत असतील तर मिळून एकदाच. स्वतः स्वयंपाक केला तर जेवण दोन-अडीचशेत बसतं. उरतं ते भाडं. विद्यापीठाच्या वसतिगृहात तीनशे-चारशेत खोली मिळाली तर महिना सुखाने जातो. म्युनिकमध्ये बाहेर घर शोधलं तर एका खोलीलाच सातशेच्या पुढे मोजावे लागतात, आणि मग ९९२ म्हणजे ओढाताण आहे. विद्यापीठाच्या नावाआधी शहराचं भाडं बघा, असं मी प्रत्येकाला सांगते. केम्निट्झ, माग्देबुर्ग, इल्मेनाउ अशा पूर्वेकडच्या गावांतली शिकवण नावाजलेल्या शहरांपेक्षा कमी नाही आणि खोल्या खूप स्वस्त आहेत.

ब्लॉक्ड अकाउंटला पर्याय आहेत. मान्यताप्राप्त शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र चालतं. जर्मनीत राहणारा एखादा नातेवाईक परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन खर्चाची लेखी हमी देऊ शकतो. पण ती हमी कायद्याने बांधून घालणारी आहे, उद्या खरोखर त्याच्याकडून वसुली होऊ शकते. काका-आत्यांकडे मागताना हे त्यांना स्पष्ट सांगूनच मागावं.

आपले ८ म्हणजे त्यांचे किती?

जर्मनीत गुणांची दिशा उलटी आहे. १.० सगळ्यात चांगले, ४.० म्हणजे जेमतेम पास, ५.० नापास. आपले गुण तिकडच्या मापात बसवायला 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा. कमाल गुणांतून पास व्हायचे किमान गुण वजा करा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा, तिनाने गुणा, एक मिळवा.

समजा १०पैकी सीजीपीए ८ आहे आणि पासिंग ४ला आहे. १०मधून ८ गेले, राहिले २. १०मधून ४ गेले, राहिले ६. २ भागिले ६, गुणिले ३, म्हणजे १. त्यात एक मिळवला की २.०. हे चांगले गुण आहेत. आता तोच सीजीपीए ८, पण विद्यापीठाच्या कागदावर पासिंग ५ला असेल, तर उत्तर २.२ येतं. मुलगी तीच, मेहनत तीच, फक्त गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूच्या एका ओळीने आकडा हलतो. म्हणून विद्यापीठाने किमान आणि कमाल गुण कुठे लिहून दिलेत ते तपासा. दिले नसतील तर परीक्षा विभागाकडून तसं पत्र घ्या.

पुष्कळ अभ्यासक्रमांची अट २.५ असते. पासिंग ४ला असेल तर त्यासाठी सीजीपीए ७ लागतो, ५ला असेल तर ७.५. आणि जुन्या टक्क्यांच्या पद्धतीत ६० टक्के, पासिंग ४०ला, म्हणजे आपल्या भाषेत फर्स्ट क्लास, या सूत्रातून ३.० होऊन बाहेर पडतो. "फर्स्ट क्लास आहे, मग नाकारलं कसं?" असं विचारणाऱ्या किती तरी पालकांचं उत्तर या गणितात आहे.

गुण आहेत, तरी प्रवेश का नाही?

कारण विषय जुळले नाहीत. मला विचाराल तर सगळ्या प्रक्रियेतली सगळ्यात कमी समजून घेतलेली गोष्ट हीच आहे. जर्मनीत मास्टर्स हे बहुधा बॅचलर्सचं थेट पुढचं पाऊल मानतात. त्यांनी ठरवलेलं असतं की येणाऱ्याने इतकं गणित, इतकं मेकॅनिक्स, इतकं प्रोग्रॅमिंग आधी केलेलं असलं पाहिजे. हे 'इतकं' मोजायचं युरोपातलं एकक म्हणजे ईसीटीएस क्रेडिट. एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास धरतात, त्यात वर्गातले तास, गृहपाठ, परीक्षेची तयारी सगळं आलं. एका वर्षाला ६० क्रेडिट, बहुतेक मास्टर्स १२०चं, म्हणजे दोन वर्षांचं.

त्यामुळे मेकॅनिकलच्या मुलाने संगणकशास्त्राच्या मास्टर्सला अर्ज केला तर त्याचे ऑनलाइन कोर्स आणि नोकरीतला अनुभव कितीही चांगला असला तरी प्रवेश समिती आधी तक्ता उघडते : अल्गोरिदमचे क्रेडिट किती, डिस्क्रीट गणिताचे किती? नसतील तर अर्ज तिथेच थांबतो. बी.कॉम.नंतर डेटा सायन्सचंही तसंच. आपल्या तीन वर्षांच्या पदवीला कुठे प्रवेश मिळतो, कुठे नाही. तेही विद्यापीठ आणि अभ्यासक्रम पाहून ठरतं.

करायचं एवढंच : ज्या कोर्सला अर्ज करायचा त्याची प्रवेशाची नियमावली उघडायची, मागितलेले विषय एका बाजूला लिहायचे, आपला सिलॅबस दुसऱ्या बाजूला. एक रविवार जातो. पण ज्यांनी हे केलं ते सहा-सात अर्ज विचार करून पाठवतात. बाकीचे वीस-पंचवीस अर्जांची फी भरून वाट बघत बसतात.

कागद कुणाकडे जातात?

तीन दारं आहेत. पहिलं एपीएस. दिल्लीतल्या जर्मन दूतावासाशी जोडलेलं हे कार्यालय तुमच्या गुणपत्रिका आणि पदवी खऱ्या आहेत का हे तपासून दाखला देतं. १ नोव्हेंबर २०२२पासून भारतीयांना विद्यार्थी व्हिसासाठी तो लागतो, आणि विद्यापीठंही अर्जासोबत मागतात. फी १८,००० रुपये. याला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या वर्षात असतानाच हे काम हातात घ्यावं. दुसरं दार युनि-असिस्ट. बर्लिनची ही संस्था अनेक विद्यापीठांच्या वतीने अर्ज गोळा करून प्राथमिक छाननी करते. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. काही विद्यापीठं मात्र थेट आपल्याच पोर्टलवर अर्ज घेतात. तिसरं दार व्हिसाचं, फी ७५ युरो.

वेळापत्रकात लोक फसतात. हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होतं आणि '१५ जुलै' ही अर्जाची शेवटची तारीख सगळीकडे ऐकू येते. पण परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी मास्टर्सच्या तारखा बऱ्याच आधीच्या असतात. आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात युरोपीय संघाबाहेरच्यांसाठी नेहमीची तारीख १ मार्च आहे, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत अनेक कोर्सेसना ३१ मे. ऑक्टोबरला जायचं तर आदल्या वर्षीच्या दिवाळीत तयारी चालू असायला हवी.

व्हिसाबाबत एक नवा बदल अनेकांना ठाऊक नाही. पूर्वी नकार आला तर दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५पासून ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज करा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जा. त्यामुळे पहिल्याच अर्जात कागद पक्के हवेत.

पोचल्यावरचं पहिलं काम

लेटरबॉक्सवर नाव लावणं. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण जर्मनीत इमारतींना बहुधा फ्लॅट नंबर नसतात. पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो. आरोग्य विम्याचं कार्ड, कराचा क्रमांक, बँकेचा पिन, सगळं पोस्टाने येतं, आणि पेटीवर नाव नसेल तर आल्या पावली परत जातं. नवीन मुलं चारजणांच्या फ्लॅटमध्ये राहायला येतात, पेटीवर आधीच तीन आडनावं चिकटवलेली असतात, चौथं लावायचं राहून जातं आणि महिनाभर विम्याचं कार्ड का येत नाही म्हणून शोधाशोध चालते. एक कागदाची पट्टी आणि सेलोटेप, पहिल्याच संध्याकाळी. त्यानंतर घरमालकाची सही घेतलेला फॉर्म घेऊन पालिकेत पत्ता नोंदवायचा. या नोंदीशिवाय पुढचं काही हलत नाही, ब्लॉक्ड अकाउंटसुद्धा.

एटीकेटी नाही, हे लक्षात घ्या

आपल्याकडे विषय राहिला तर एटीकेटी लागते आणि पुढच्या वेळी सुटतो, न सुटला तर त्याच्या पुढच्या वेळी. जर्मनीत बहुतेक विद्यापीठांत एका विषयाच्या परीक्षेला तीन संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालात आणि तो विषय सक्तीचा असेल तर कोर्समधून नाव कमी होतं. तेवढ्यावर भागत नाही. त्याच विषयाच्या अभ्यासक्रमाला जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा प्रवेश मिळत नाही. विद्यार्थी म्हणून दिलेला राहण्याचा परवानाही मग धोक्यात येतो.

परीक्षाही वेगळ्या. अनेक विषयांत सत्राच्या शेवटची एकच परीक्षा, शंभर टक्के त्यावर. इंटर्नलचे गुण नाहीत, गाइडं नाहीत. हजेरी घेत नाहीत म्हणून पहिल्या सत्रात मोकळं वाटतं आणि फेब्रुवारीत घाम फुटतो. हुशार मुलं इथे पहिल्यांदा नापास होतात आणि लाजेने घरी सांगत नाहीत. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, इथे एखाद्या विषयात नापास होणं जर्मन मुलांच्याही बाबतीत घडतं. मुलाने फोनवर सांगितलं तर ओरडू नका, कितवी संधी गेली ते विचारा.

याचा थेट परिणाम खर्चावर होतो. कोर्स कागदावर दोन वर्षांचा असतो. पण एखादा विषय राहतो, मध्ये इंटर्नशिप होते, थीसिसला सहा महिने जातात, आणि पाच-सहा सत्रं लागणारे पुष्कळ असतात. ९९२ने गुणलं तर सहा महिन्यांचे जवळजवळ ६,००० युरो, म्हणजे सहा लाख. दोन वर्षांचा हिशोब चोवीस लाखांचा, अडीच वर्षांचा तीस लाखांचा, तीन वर्षांचा छत्तीस. फी शून्य असलेल्या शिक्षणाची खरी किंमत ही अशी महिन्यांत मोजायची असते. घरात बसून आकडा ठरवताना अडीच ते तीन वर्षं धरा.

"पार्टटाइम करून खर्च निघेल ना?"

काही अंशी निघतो. मार्च २०२४पासून विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत कामाचाही पर्याय आहे. विद्यापीठातल्या प्राध्यापकाकडचं साहाय्यकाचं काम यात मोजत नाहीत. जानेवारी २०२६पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. 'मिनीजॉब' नावाचा छोट्या कामाचा प्रकार आहे, त्यात महिन्याला ६०३ युरोपर्यंत कमाई होते, म्हणजे सुमारे त्रेचाळीस तासांचं काम. यातून खोलीचं भाडं आणि विमा सुटू शकतो.

पण दोन गोष्टी. एक, व्हिसा देताना ही भविष्यातली कमाई कुणी धरत नाही, बारा लाख दाखवावेच लागतात. दोन, पहिल्या सहा महिन्यांत काम मिळेलच असं समजू नका. गोदामात पार्सलं लावायचं काम लवकर मिळतं. आपल्या विषयातलं, कंपनीतलं विद्यार्थी-कर्मचाऱ्याचं काम मिळायला वेळ लागतो आणि पुढच्या नोकरीचा रस्ता खरा तिथूनच जातो. रात्रपाळीची पार्सलं उचलून सकाळी परीक्षेला बसलेली मुलं मी पाहते आणि मला त्यांची फार काळजी वाटते. त्या पैशापेक्षा तीनपैकी गेलेली एक संधी महाग असते. पहिलं वर्ष पूर्ण बेगमीवर काढायची तयारी असेल तरच निघावं, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या वर्षासाठी परवाना वाढवताना पुन्हा पैशाचा पुरावा लागतो, तेव्हा मात्र कामाचा करारही उपयोगी पडतो.

"कोर्स इंग्रजीत आहे, मग जर्मन कशाला?"

शिकायला नाही लागत. जगायला आणि नोकरीला लागते. वर्गातली मुलं इंग्रजीत बोलतील, थीसिस इंग्रजीत लिहाल. पण यंत्रांचे भाग बनवणारी, दोन-अडीचशे माणसांची, लहान गावातली जी असंख्य कुटुंबांच्या मालकीची कारखानदारी इथे आहे, तिथे मीटिंग जर्मनमध्ये चालते. नोकऱ्याही तिथेच जास्त आहेत. भाषेच्या पातळ्या ए१पासून सी२पर्यंत सहा असतात. नोकरीच्या बाजारात बी१ म्हणजे उंबरठा, बी२ म्हणजे आत.

ही भाषा इथे आल्यावर शिकू, असं सगळे म्हणतात. आल्यावर वेळ उरत नाही. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे, गावोगावी खासगी वर्ग आहेत, ऑनलाइन सोय आहे. बॅचलर्सच्या तिसऱ्या वर्षापासून लागलात तर निघेपर्यंत बी१ सहज होतं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या अर्ध्या गुणासाठी ती तीन वेळा देण्यापेक्षा ते पैसे आणि महिने इथे घालावेत.

पदवीनंतर

पदवी मिळाली की नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो आणि त्या काळात कुठलंही काम करता येतं. पदवीला साजेशी नोकरी मिळाली की 'ब्लू कार्ड', म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा कामाचा आणि राहण्याचा परवाना, मिळू शकतं. त्यासाठी २०२६ला वर्षाचा पगार ५०,७०० युरो हवा. नव्या पदवीधरांना आणि माणसं कमी असलेल्या व्यवसायांना सुमारे ४५,९०० चालतो. जर्मनीतच शिकलेल्यांना पात्र नोकरीची दोन वर्षं आणि बाकीच्या अटी पूर्ण झाल्यावर कायम राहण्याचा परवाना मागता येतो. ही सोय अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाच्या लॉटरीपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. मात्र नोकरी मिळायची हमी कुणीच देत नाही. वाहन उद्योगात सध्या कपात चालू आहे, आणि आपली बरीच मुलं त्याच उद्योगाच्या आशेने येतात.

कर्ज काढावं का?

तीस लाख हाताशी नसतील तर काढावं लागेल, पण व्याज समजून. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, व्याज मात्र चढत असतं. पंधरा लाखांवर दहा टक्के म्हटलं तर सरळव्याजाने वर्षाला दीड लाख, तीन वर्षांत साडेचार लाख, पहिला हप्ता भरायच्या आधीच. जमत असेल तर शिकताना नुसतं व्याज भरत राहा. परतफेडीच्या काळात आयकराच्या कलम ८०ईखाली आठ वर्षांपर्यंत व्याजाची वजावट मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. केंद्राची शैक्षणिक कर्जाची नवी 'पीएम विद्यालक्ष्मी' योजना भारतातल्या संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही.

शिष्यवृत्त्यांकडे आपले लोक फार लवकर पाठ फिरवतात. महाराष्ट्राच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. इतर मागासवर्ग आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या योजना आहेत. जर्मनीची डाड (DAAD) ही संस्था मास्टर्सला शिष्यवृत्ती देते. इथे आल्यावर 'डॉइचलांडश्टिपेंडियम' या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो, महिन्याला ३०० युरो, आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही खुली आहे.

"कन्सल्टंट म्हणतो, हमखास प्रवेश"

इथे मी थोडी कठोर होते. सरकारी विद्यापीठातली जागा कराच्या पैशाची असते, म्हणून ते गुण तपासतात, विषय तपासतात, नकार देतात. खासगी कॉलेजचा धंदा फीवर चालतो. अनेक ठिकाणी ती वर्षाला दहा-बारा हजार युरो किंवा त्याहून जास्त असते, आणि विद्यार्थी आणून देणाऱ्याला कमिशन मिळतं. सरकारी विद्यापीठं असं कमिशन सहसा देत नाहीत. त्यामुळे ६.२ सीजीपीएच्या मुलाला "सरकारीत होणार नाही, पण बर्लिनमध्ये हमखास करून देतो" हा सल्ला कुठून येतो, ते उघड आहे. सगळी खासगी कॉलेजं वाईट नाहीत, काही उत्तम आहेत. पण मग ती फीवाली वाट आहे. तिला फुकट जर्मन शिक्षण म्हणून विकू नये. बारा लाखांच्या बेगमीवर आणखी बारा लाख दरवर्षी, हा हिशोब कर्ज काढून जाणाऱ्या घराला मोडून टाकू शकतो.

पैसे भरण्याआधी त्या कॉलेजला ईमेलने तीन गोष्टी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. संस्थेला राज्याची मान्यता आहे का? कोर्स पूर्णपणे वर्गात हजर राहून आहे की काही भाग ऑनलाइन? प्रवेश रद्द झाला किंवा व्हिसा नाकारला तर फीतले किती पैसे, किती दिवसांत परत मिळतात? दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा. विद्यार्थी परवाना हजर राहून शिकण्यासाठी असतो, आणि अर्धा कोर्स ऑनलाइन निघाल्यावर परवान्याच्या नूतनीकरणात अडकलेली भारतीय मुलं बर्लिनमध्ये आहेत. कन्सल्टंटच्या व्हॉट्सअॅपवरचं उत्तर यासाठी धरू नका. कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावरून आलेलं धरा, आणि ते येईपर्यंत डिपॉझिटचा पहिला हप्तासुद्धा भरू नका.